रानातला मुक्काम आणि डांबर सोडून सायकल: बामणोली-कास परिसरात मार्ग कसे शोधावेत?

उरमोडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस, आम्ही घरची तिघे बामणोलीच्या बाजूला शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठी मुक्कामाला जाणार आहोत. सोबत सायकली असतील. दोन मोठ्यांच्या, पुढे शॉकअप आणि सव्वादोन इंच रुंद टायर असलेल्या, आणि एक माझ्या तेरा वर्षांच्या मुलीची, २६ इंची चाकांची. यवतेश्वरचा घाट, कासचा रस्ता, सज्जनगड-ठोसेघर हे सगळे डांबरी रस्ते आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. मुक्काम रानात असताना मात्र पुन्हा गाड्यांच्या मागे धूर घेत चालवायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

अडचण मार्ग शोधण्याची आहे. फोनमधल्या नेहमीच्या नकाशात दोन गावांच्या मध्ये नुसता हिरवा रंग दिसतो. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या ॲपमध्ये तुटक रेषा दिसतात, पण त्यांतली कोणती मुरुमाची गाडीवाट आहे, कोणती करवंदीत शिरणारी पायवाट आहे आणि कोणती अभयारण्यात जाते, हे घरबसल्या उमगत नाही. मुलगी सोबत असल्यामुळे अर्ध्या दिवसात आटोपणारे, पंधरा ते वीस किलोमीटरचे आणि शक्यतो गोल फिरून मुक्कामावर परत आणणारे मार्ग हवे आहेत. मला एखादा तयार मार्ग मिळाला तर आनंदच आहे, परंतु मार्ग कसा शोधावा आणि कसा पारखावा हे कोणी नीट समजावून सांगितले तर त्याचा उपयोग पुढच्या प्रत्येक सुट्टीला होईल.

चाकोरी

मार्ग शोधण्याआधी कोणते रान वगळायचे ते ठरवावे, असा माझा क्रम आहे. शिवसागराचा पलीकडचा, म्हणजे पश्चिमेचा काठ पूर्णपणे वगळा. ते कोयना अभयारण्य आहे. १९८५ साली ते घोषित झाले आणि २०१० साली चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. वासोट्याला जाणारी माणसे बामणोलीतून परवाना घेऊन, लाँचने पलीकडे उतरून पायी चढतात. त्या रानात सायकलीचा विचारच करू नये. दुसरे, कासचा सडा, म्हणजे माथ्यावरचे खडकाळ पठार, वगळा. २०१२ साली पश्चिम घाटातली जी स्थळे जागतिक वारशाच्या यादीत आली त्यांत कास आहे, आणि तिथली माती खडकावर जेमतेम बोटभर जाडीची आहे. फुलांचा हंगाम संपून सडा वाळलेला दिसला तरी पुढच्या वर्षीचे बी आणि कंद त्याच मातीत असतात, म्हणून कोरड्या सड्यावरही चाक घालू नये. कासहून महाबळेश्वरच्या दिशेने जाणारा जुना राजमार्ग कुमुदिनी तळ्याजवळून जातो आणि तो पाहून सायकलवाल्याला मोह होतोच. तिथे वनविभागाला आणि स्थानिक समितीला विचारल्याशिवाय जाऊ नये.

एवढे वगळल्यावर आपल्या हाती दोन पट्टे उरतात. एक, कासची डोंगररांग आणि शिवसागराचे पाणी यांच्या मधल्या उतारावरची गावे. दुसरा, परळीच्या खोऱ्यापासून ठोसेघर-चाळकेवाडीच्या माथ्यापर्यंतचा मुलूख. आपले काम या दोन पट्ट्यांत सहज भागेल.

आता शोध कसा घ्यावा ते सांगतो. आपल्याकडे सायकलीचा चांगला मार्ग दोन गावांच्या मध्ये सापडतो, घनदाट जंगलात नव्हे, असे माझे ठाम मत आहे. ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडी गेली, तिचा चढ बैलांना झेपेल इतकाच असतो, वळणे ऐसपैस असतात आणि ओढा ओलांडायच्या जागी दोन्ही काठ उतरते केलेले असतात. पायी चालणारा माणूस मात्र थेट सोंडेवरून चढतो, आणि तशा वाटेवर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून पहिले काम गाडीवाट आणि पायवाट यांतला भेद नकाशावर ओळखण्याचे.

त्यासाठी महसूल खात्याच्या गाव नकाशासारखे साधन नाही, आणि सायकलवाल्यांपैकी फार थोडे जण तो उघडून पाहतात याचे मला नेहमी वाईट वाटते. गाव नकाशात एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा ग्रामीण रस्ता तुटक दुहेरी रेषेने, गाडीमार्ग दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. भूमी अभिलेख कार्यालयात हा नकाशा मिळतो. बामणोलीच्या भागासाठी जावळी तालुक्याचे, म्हणजे मेढ्याचे कार्यालय गाठावे लागेल. दुहेरी रेषांचा मार्ग दिसला की दोन गोष्टी एकदम कळतात. पहिली, ती वहिवाटीची वाट आहे आणि कोणाच्या खासगी रानात आपण घुसत नाही. दुसरी, ती कधी काळी चाकांसाठीच होती. आज ती मोडली असेल, दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी बांध सरकवून ती अरुंद केली असेल, तिच्यावर घाणेरी माजली असेल, हे सगळे शक्य आहे. त्याची खातरजमा पुढच्या पायरीत होते.

पुढची पायरी उपग्रह-चित्राची. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रे पाहण्याची सोय आहे, तिचा वापर करा. पावसाळ्यानंतरच्या चित्रात सगळे हिरवे दिसते आणि वाट सापडत नाही. तीच जागा मार्च-एप्रिलच्या चित्रात पाहिली की वापरातली वाट पिवळ्या गवतात फिकट रेघेसारखी स्पष्ट उमटते. सलग काही वर्षांच्या उन्हाळी चित्रांत रेघ ठळक असेल तर वाट जिवंत आहे असे समजावे. दर वर्षी ती पुसट होत गेली असेल, तर गावकऱ्यांनी ती सोडली आहे.

पॅडलमित्र

चाकोरी यांनी वाटेचे मूळ सांगितले, मी चढाचे गणित सांगतो, कारण मुलीला घेऊन जाताना अंतरापेक्षा चढ महत्त्वाचा ठरतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि दोन लगतच्या समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांत) २० मीटरचा फरक. नकाशावरच्या वाटेला दोन सेंटिमीटरच्या लांबीत पाच रेषा छेदत असतील तर एका किलोमीटरला शंभर मीटर, म्हणजे १० टक्के चढ झाला. मुरुमाच्या वाटेवर चार-पाच टक्के चढ नवख्या मुलालाही जमतो, आठ टक्क्यांना दम लागतो, आणि सुट्या दगडांवर बारा टक्क्यांच्या पुढे मागचे चाक जागच्या जागी फिरू लागते, मग मोठी माणसेसुद्धा उतरून ढकलतात.

आपल्या मुक्कामापुरते बोलायचे तर कोयना धरण पूर्ण भरलेले असताना शिवसागराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते, आणि कासचा माथा १२०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे पाण्याच्या काठापासून माथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या कोणत्याही गोल मार्गात साडेपाचशे मीटर चढ येणारच. मुलीसाठी हे एका दमात जास्त होईल. त्यापेक्षा सायकली गाडीवर लादून माथ्यावर न्याव्यात आणि माथ्यावरच आडवे फिरावे, किंवा काठावर राहून समोच्च रेषेला धरून जाणाऱ्या वाटा निवडाव्यात.

इतरांनी नोंदवलेले जीपीएस मार्ग पाहताना एक काळजी घ्या. विकिलॉकवर आपल्या भागातले बहुतेक मार्ग पदभ्रमण करणाऱ्यांचे आहेत. नोंदीतला वेग उघडून पाहावा. ताशी अडीच-तीन किलोमीटर दिसला तर तो चालणारा माणूस आहे, आणि त्याला सोपी वाटलेली वाट सायकलीला अशक्य असू शकते. स्ट्राव्हा ॲपच्या उष्णता-नकाशात (जास्त वापराच्या वाटा ठळक दाखवणाऱ्या नकाशात) सायकलींची नोंद वेगळी पाहता येते, ती जास्त उपयोगी. पण तिथे रेघ दिसली म्हणजे जाण्याची मुभा आहे असा अर्थ होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

रानपहारा

मी वनखात्यात नोकरी केली आहे आणि आता निवृत्त आहे. वर कायद्याचा विषय ओझरता आला, तो स्पष्ट करतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. राखीव वनाला भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २६ लागू होते आणि तिथेही विनापरवाना शिरणे हा गुन्हा ठरतो. ‘फाटक नव्हते, पाटी नव्हती’ हे उत्तर चालत नाही. ज्या गावात मुक्काम आहे तिथल्या वनरक्षकाला आधी भेटावे, आपला मार्ग फोनवर दाखवावा आणि कोणता तुकडा वनखात्याचा, कोणता मालकीचा, कोणता गायरानाचा हे विचारून घ्यावे. त्या भेटीला फार वेळ लागत नाही, आणि कालच कुठे गवा बसला होता, कुठल्या नाळेत आग्यामोहोळ लागले आहे, ही कोणत्याही ॲपमध्ये न मिळणारी माहिती तिथे मिळते.

रानातल्या जाळरेषा पाहून सायकलवाल्यांना त्या तयार मार्ग वाटतात. वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला तो पट्टा असतो. वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून धरला जातो, म्हणून त्याआधीच्या आठवड्यांत जाळरेषांचे काम चालते. नोव्हेंबरात त्यांवर गवत कमरेएवढे असेल. शिवाय त्या राखीव वनातच असतात, त्यामुळे परवानगीचा प्रश्न तिथेही येतो.

आता जनावरांविषयी, आणि हे मी मुलीच्या पालकांनी वाचावे म्हणून लिहितो आहे. पायी माणूस बोलत, काटक्या मोडत चालतो आणि जनावराला त्याची चाहूल आधी लागते. सायकल उतारावर ताशी वीस किलोमीटरने येते आणि तिचा आवाज जवळजवळ होत नाही. त्यामुळे वळणापलीकडे उभ्या असलेल्या गव्याला किंवा अस्वलाला आपण अगदी जवळ आल्यावरच कळतो, आणि बिथरलेले जनावर अंगावर येते. म्हणून रानातल्या प्रत्येक आंधळ्या वळणाआधी वेग कमी करावा, घंटी वाजवावी, मोठ्याने बोलावे. गवा समोर दिसलाच तर मात्र घंटी बंद. सायकलीवरून उतरावे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरावी, आल्या वाटेने सावकाश मागे सरकावे. मादी आणि पिलू यांच्या मधून कधीही जाऊ नये. पहाटे आणि तिन्हीसांजेला रानातली वाट टाळावी. नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या पोटात त्याआधीच अंधारते, तेव्हा चारला परतीला लागावे.

थेम्सकाठ

मूळ साताऱ्याचा, सध्या इंग्लंडमध्ये असतो. चर्चा वाचताना दोन्हीकडच्या पद्धती मनात ताडून पाहत होतो, म्हणून थोडे लिहितो. इथे पायवाट आणि घोडेवाट असा कायद्यानेच भेद केलेला आहे. १९६८ च्या कायद्याने सायकलस्वारांना घोडेवाटेवरून जाण्याचा हक्क दिला, मात्र त्यांनी पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. पायवाटेवर तसा हक्क नाही. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात घोडेवाट लांब हिरव्या तुटक रेषेने आणि पायवाट आखूड हिरव्या तुटक रेषेने दाखवतात, त्यामुळे रानातल्या सुट्टीला जाणारे कुटुंब रात्री टेबलावर नकाशा पसरून दुसऱ्या दिवसाचा मार्ग आखू शकते. सरकारी वनांत सायकलीसाठी खास बांधलेल्या वाटा असतात आणि त्यांना हिरवी, निळी, लाल, काळी अशी चढत्या अवघडपणाची श्रेणी दिलेली असते. चाकोरी यांनी सांगितलेला गाव नकाशातला दुहेरी आणि एकेरी रेषांचा भेद याच जातीचा आहे. आपल्याकडे पाया तयार आहे, आणि त्यावर कोणी सायकलमार्ग उभे केले नाहीत याची खंत वाटते. स्थानिक सायकल मंडळांनी एखाद्या गावाच्या पाणंद रस्त्यांवर झाडांना रंगाचे बाण करून सुरुवात करावी, असे सुचवतो.

रानपहारा

सूचनेमागची कळकळ समजते, पण झाडांना रंग लावण्यास माझा विरोध आहे. वनहद्दीत तो सरळ गुन्हा ठरेल, आणि मालकीच्या रानात शेतकऱ्याला न विचारता केलेली खूण म्हणजे आगळीक. खूण हवीच असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावाने वाटेच्या तोंडाशी एक दगडी खांब पुरावा. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. त्या योजनेतून जे रस्ते मोकळे आणि मजबूत झाले आहेत, तेच सायकलमार्गाचे पहिले टप्पे होऊ शकतात. गावाने आपल्या शेतासाठी केलेला रस्ता आपण पाहुणे म्हणून वापरतो, ही जाणीव ठेवली तर कोणीही अडवत नाही.

कोयनाकाठ

आमचे मूळ गाव या खोऱ्यातले. चाकोरी यांचे गाडीवाटेचे म्हणणे परळीच्या खोऱ्याला आणि देशावरच्या भागाला पूर्ण लागू पडते, परंतु जावळीच्या या उतारावर ते जपून वापरावे लागेल. आमच्याकडे घरातली जुनी माणसे सांगतात की बाजार डोक्यावरून आणि बैलाच्या पाठीवरून यायचा, आणि गाडी जाईल अशा वाटा थोड्याच होत्या. त्यामुळे इथे गाव नकाशात एकेरी तुटक रेषा जास्त मिळतील. त्यांतल्या काही वाटा सायकलीला चांगल्या आहेत, पण त्या नकाशावरून ओळखू येत नाहीत, गावात विचाराव्या लागतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. इथल्या कित्येक जुन्या वाटांचे टोक आता पाण्यात आहे. १९६० च्या दशकात कोयनेचे पाणी अडले आणि कोयना, सोळशी, कांदाटी या नद्यांच्या काठची गावे उठली. जी वाट वरच्या वाडीतून खालच्या गावाला जात होती ती तशीच आहे, फक्त खालचे गाव राहिलेले नाही. डोंगरावरून उतरणारी सुरेख रुंद वाट दिसते, तिच्या कडेने रचलेले दगड शाबूत असतात, आंब्याची जुनी झाडे सावली धरून असतात, आणि अखेरच्या वळणानंतर ती सरळ पाण्यात शिरते. मग आलेला सगळा उतार पुन्हा चढावा लागतो. म्हणून काठाकडे जाणारी प्रत्येक वाट आजच्या उपग्रह-चित्रावर ताडून पाहावी, आणि चित्राचा महिनाही बघावा. मे महिन्यातल्या चित्रात पाणी खूप मागे गेलेले असते, उघड्या पडलेल्या गाळावर वाटा उमटलेल्या दिसतात. नोव्हेंबरात धरण भरलेले असते आणि त्या वाटा पाण्याखाली असतात.

गावात विचारायचे कसे, हेही सांगतो. ‘इथे सायकल चालवायला वाट आहे का?’ असे विचारले तर सगळे आपल्याला डांबरी रस्ता दाखवतील, कारण त्यांच्या मते पाहुण्याने चांगल्या रस्त्यानेच जावे. त्याऐवजी ‘या वाटेने मोटारसायकल जाते का?’ असे विचारावे. दूध घालायला किंवा वैरण आणायला ज्या वाटेने मोटारसायकल जाते, तिथे आपली सायकल नक्की जाते. त्यानंतर विचारावे, ‘पाऊस उघडल्यावर कोणी गेलंय का?’ कारण एका पावसाळ्यात ओढ्यावरची फरशी वाहून जाते किंवा दरड उतरते. आणि तिसरे, ‘गुरं कुठल्या वाटेनं रानात नेता?’ गुरांच्या वाटा डोंगराच्या पोटातून आडव्या, फार चढ-उतार न करता जातात. काठावरच्या आडव्या फिरण्यासाठी त्यांच्याइतक्या सुखाच्या वाटा नाहीत. मात्र गुरे परतायच्या वेळी त्यांवर राहू नये.

पॅडलमित्र

कोयनाकाठ यांचा मोटारसायकलचा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला आहे.

आता टायरविषयी, कारण या भागात पायाखालची जमीन दोन तऱ्हेची आहे आणि दोन्हींवर सायकल वेगळी वागते. माथ्यावर जांभा आहे. त्याची लालसर, गोलसर खडी वाटेवर पसरते आणि उतारावर पुढच्या चाकाखाली गोट्यांसारखी घरंगळते. इथे पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक निसटलेच. मागच्या ब्रेकने वेग आधीच कमी करावा, वजन मागे घ्यावे आणि वळणावर ब्रेक सोडून द्यावा. खाली उतारावर काळा बसाल्ट आणि त्याचा मुरूम आहे. तो पकड चांगली देतो, पण त्याच्या कडा धारदार असतात आणि टायरच्या बाजूच्या भिंती कापतात. सव्वादोन इंची टायरमध्ये डांबरावर जेवढी हवा ठेवता त्यापेक्षा ती बऱ्यापैकी कमी करावी, परंतु ट्यूब असलेल्या टायरमध्ये इतकीही नको की दगडावर आदळल्यावर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली जाईल. करवंदीचे आणि बाभळीचे काटे दोन्हीकडे आहेत. ट्यूबमध्ये सीलंट घालून घ्यावे, तरीही प्रत्येकी एक जादा ट्यूब न्यावी. मुलीच्या सायकलीची ट्यूब २६ इंची, म्हणजे ती वेगळी लागेल.

नोव्हेंबरात आणखी एक त्रास असतो. वाळत आलेल्या गवताची कुसळे मोज्यांतून आत शिरतात, चेनच्या मागच्या छोट्या चाकांत गुंडाळली जातात आणि गिअर उड्या मारू लागतात. अशा वेळी जोर लावून पॅडल मारू नये. थांबून, मागचे चाक उचलून, पॅडल उलटे फिरवत गवत बोटांनी ओढून काढावे. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, याच कारणाने मोडतो, आणि तो मोडला की सायकल ढकलत आणण्याखेरीज मार्ग राहत नाही.

दंडोबाकर

सांगली जिल्ह्यातून लिहितो. मुलीला कच्च्या वाटेची सवय नसेल तर साताऱ्याला जाण्याआधी तिला आमच्याकडे घेऊन या. मिरज-पंढरपूर रस्त्याला भोसे गावाजवळ दंडोबाचा डोंगर आहे, वर डोंगरात कोरलेले देऊळ आहे आणि भोवती वनखात्याचे रान आहे. चढ मर्यादित, झाडी विरळ, त्यामुळे वळणापलीकडचे दिसते, आणि चुकले तरी डोंगराच्या पायथ्याला कुठले ना कुठले गाव लागतेच. तिथेही रानपहारा यांनी सांगितल्याप्रमाणे वनरक्षकाला विचारूनच वाटेवर उतरावे. सागरेश्वरचे नाव कोणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. ते १०.८७ चौरस किलोमीटरचे लहान अभयारण्य आहे, उजाड डोंगरावर माणसांनी उभे केलेले, आणि त्यामागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे आयुष्यभराचे कष्ट आहेत. सांबर-चितळांना तिथे कुंपणामुळे पळायला जागा मोजकीच आहे. परवान्याने पायी जावे, सायकल बाहेर ठेवावी, असे माझे मत आहे.

आणि अगदी पहिल्या दिवसासाठी कॅनॉलचा रस्ता विसरू नका. धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांच्या कालव्यांना लागून मुरुमाचा रस्ता जातो. पाणी वाहते ठेवायचे म्हणून कालवा जवळजवळ सपाटच काढलेला असतो, त्यामुळे रस्त्यालाही चढ नसतो. पाण्याच्या बाजूला मोठ्या माणसाने राहावे.

उरमोडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपण सर्वांनी इतक्या तपशिलात लिहाल अशी अपेक्षा नव्हती. वाचून झाल्यावर नकाशे उतरवून घेतले आणि खालीलप्रमाणे आखणी केली आहे. कुठे चुकत असेल तर कृपया सांगा.

जाण्याआधीच्या रविवारी उरमोडीच्या कॅनॉलच्या रस्त्यावर मुलीचा सराव. मुक्कामाला पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी सायकल काढायची नाही, वनरक्षकाला आणि गावातल्या दूध घालणाऱ्या मंडळींना भेटायचे. दुसऱ्या दिवशी काठावरच्या गुरांच्या वाटा, मुक्कामाच्या गावापासून शेजारच्या गावापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत. गोल मार्गाचा हट्ट मी सोडला आहे, कारण समोच्च रेषा मोजल्यावर दिसले की गोल पूर्ण करायचा तर एका बाजूला दोन सेंटिमीटरमध्ये आठ रेषा छेदल्या जातात. त्यानंतरच्या दिवशी सायकली गाडीवर लादून चाळकेवाडीच्या माथ्यावर. तिथे पवनचक्क्यांना जोडणारे मुरुमाचे रस्ते आहेत आणि चढ-उतार सौम्य दिसतो. हे रस्ते वापरता येतात का?

पॅडलमित्र यांनी मला व्यक्तिगत संदेशात मार्गाची नोंद सार्वजनिक करण्यास सुचवले आहे. त्याबद्दलही सर्वांचे मत हवे आहे.

चाकोरी

आखणी चांगली आहे. आठ रेषा म्हणजे १६ टक्के, तो हट्ट सोडलात ते उत्तम. चाळकेवाडीचे रस्ते कंपन्यांनी आपल्या देखभालीसाठी केलेले आहेत. माथ्यावर पहारेकरी भेटतात, त्यांना विचारून जावे, नाही म्हणाले तर वाद घालू नये आणि गावातल्या शेतरस्त्यांकडे वळावे. त्या माथ्यावर वारा भयंकर असतो. जाताना वारा पाठीशी घेऊन दूर गेलात तर परतताना मुलीचे हाल होतील, म्हणून सुरुवात वाऱ्याच्या तोंडावर करा. आणि तिथलाही सडा कासच्याच जातीचा आहे. पावसाळ्यात त्यावर सीतेची आसवे आणि गेंद फुलतात. रस्त्याच्या दोन चाकोऱ्यांबाहेर सायकल घालू नये, छायाचित्रासाठीसुद्धा नाही.

नोंद सार्वजनिक करण्याबद्दल माझे मत विभागून आहे. पाणंद, कॅनॉल, गावरस्ते यांच्या नोंदी अवश्य टाकाव्यात. तिथे लोक गेले तर वाट जिवंत राहते. सड्यावरच्या आणि रानाच्या कडेच्या वाटांच्या नोंदी मात्र टाकू नयेत. सायकली गेल्या की त्याच रेघेवरून पुढच्या वर्षी मोटारसायकली येतात, हे मी ठोसेघरच्या बाजूला डोळ्यांनी पाहिले आहे.

पॅडलमित्र

मान्य. मी संदेशात सरसकट लिहिले होते, चाकोरी यांचा भेद जास्त योग्य आहे. गुरांच्या वाटांची नोंदही आपल्यापुरतीच ठेवावी.

रानपहारा

काठावरच्या उतारात बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि कुठे जातो, किती वाजेपर्यंत परततो, हे मुक्कामाच्या घरी सांगून निघा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ कागदावर लिहून सायकलीच्या पिशवीत ठेवा, मुलीच्या पिशवीतही.

कोयनाकाठ

एक भर घालतो. शेजारच्या गावापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत येण्याऐवजी कधी कधी परतीला लाँच मिळते. ती आमच्याकडची रोजची वाहतूक आहे आणि टपावर सायकली ठेवून घेतात. निघण्याआधी बामणोलीच्या बोट क्लबवर विचारून वेळ आणि भाडे ठरवून घ्या. पॅडल काढून ठेवलीत तर सायकली एकमेकींना टेकून नीट बसतात, त्यासाठी १५ नंबरचा पाना सोबत असू द्या.